अडकलेलं टायमिंग

जलतरण तलावाच्या किंवा धावण्याच्या ट्रॅकच्या कडेला पालकांच्या घोळक्यात अर्धा तास उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘टायमिंग अडकलंय.’ क्रिकेटच्या मैदानावर त्याचं ‘फॉर्म गेलाय’ होतं, तालमीत ‘पोरगं आहे तिथंच आहे’ होतं. अर्थ एकच. कालपरवापर्यंत दर स्पर्धेत पुढे सरकणारं मूल एकाएकी थांबलेलं असतं. सराव तोच, सर तेच, खुराक तोच. आकडा मात्र हलत नाही. इंग्रजीत याला ‘प्लॅटो’ म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकातलं पठार. चढ संपतो, सपाट जमीन लागते आणि ती कुठवर आहे ते दिसत नाही.

हे पठार कसं ओलांडावं, याची तंत्रं क्रीडाशास्त्रात भरपूर आहेत. मला त्याच्या अलीकडचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. थांबलेल्या मुलाला मदत करणं म्हणजे नेमकं काय करणं? आणि मदत म्हणून आपण जे करतो, त्यातलं किती त्याच्यासाठी असतं आणि किती आपल्या स्वतःच्या अस्वस्थतेसाठी?

समजा, एक मुलगी आहे. अकराव्या वर्षी ती शंभर मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट २० सेकंदांत पोहायची. तेराव्या वर्षी १ मिनिट ८ सेकंदांवर आली. त्यानंतर चौदा महिने ती १ मिनिट ८ आणि १ मिनिट ९ यांच्यामध्ये घुटमळते आहे. घरात आणि तलावावर कारणांचा शोध सुरू होतो. ‘हल्ली लक्ष नसतं तिचं.’ ‘मोबाइल.’ ‘मैत्रिणी वाढल्यात.’ ‘पूर्वीची भूक राहिली नाही.’ ‘शेवटच्या पंचवीस मीटरला सोडून देते.’ या सगळ्या कारणांमध्ये एक साम्य आहे. एकही कारण शरीराबद्दल, सरावाच्या आखणीबद्दल किंवा झोपेबद्दल नाही. सगळी तिच्या स्वभावाबद्दल आहेत. आकडा थांबला ही एक घटना होती; तिचा आठवड्याभरात आरोप झाला.

हे असं का होतं? आईबाप दुष्ट असतात म्हणून नाही. पोहण्याच्या वेळा सांभाळून नोकरी करणारी, पहाटे साडेचारला उठून डबा भरणारी ही माणसं आहेत. मला वाटतं, गफलत पठारावर होतच नाही. ती त्याआधी, चढावर होते.

अकरा ते तेरा या वयात त्या मुलीचे बारा सेकंद कमी झाले, तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं, ‘बघ, मेहनतीचं फळ.’ त्यात खोटं काही नव्हतं, पण ते अर्धंच खरं होतं. त्या दोन वर्षांत तिची उंची वाढली, हात लांब झाले, फुप्फुसं मोठी झाली, स्नायूंत जोर आला. बारा सेकंदांपैकी काही तिने कमावले होते आणि काही वाढत्या वयाने तिच्या खात्यात आपणहून जमा केले होते. आपण सगळीच रक्कम मेहनतीच्या नावावर लिहिली. मग निसर्गाने जमा करणं थांबवलं, किंवा उलट थोडं काढून घेतलं, की हिशेब जुळवायला आपल्याकडे एकच नाव उरतं: आळस. सगळं श्रेय तिच्या चारित्र्याला दिलं, त्याच दिवशी पुढच्या दोषाची पावतीही तिच्याच नावाने फाडली गेली होती.

शरीराने काढून घेणं हे काही अलंकारिक बोलणं नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वात वेगाने वाढते, मुलांची चौदाव्या. हाडं आधी लांबतात, त्यांना हलवणारी ताकद मागून येते. कालपर्यंत सहज जमणारी हालचाल या काळात बेंगरूळ होऊ शकते. मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, कंबर रुंदावते, पाण्यात किंवा हवेत शरीराचा तोल बदलतो. त्यातच सरावाच्या मानाने खाणं कमी पडत असेल, तर पाळी अनियमित होते, हाडं कमकुवत होतात, थकवा साचतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेबद्दल सविस्तर निवेदन काढलं होतं. अशा मुलीला ‘वजन उतरव आणि जोर लाव’ असं सांगणं म्हणजे रिकाम्या विहिरीवर जास्त अश्वशक्तीचा पंप बसवणं.

नशिबाचा भाग याहूनही मोठा आहे. १९८०च्या दशकात कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीच्या संघांमधल्या मुलांच्या जन्मतारखा तपासल्या गेल्या, तेव्हा जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेली मुलं त्यांत प्रमाणाबाहेर जास्त निघाली. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात होता. जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, म्हणून थोराड, म्हणून निवडलं गेलेलं. बरोबरीची मुलं वाढून त्याच्या खांद्याला आली, की त्याची आघाडी आटते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा थांबला. प्रत्यक्षात इतर जण पोहोचलेले असतात.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली ‘नैतिक नशीब’ या कल्पनेवर निबंध लिहिले. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींवरूनही आपण त्याला चांगलं-वाईट ठरवतो, आणि हे खटकत असूनही आपल्याला थांबवता येत नाही, असा काहीसा तो पेच. मोठ्या माणसांच्या बाबतीत तो सुटायला अवघड आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत निदान एवढं तरी करता येईल, की तिच्या हाडांच्या वाढीचा निकाल तिच्या स्वभावावर लावायचा नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ‘अशाने कोणी घडणारच नाही. खडसावल्याशिवाय, घाम गाळून घेतल्याशिवाय कोणी चॅम्पियन झालाय का?’ कठोर प्रशिक्षकांच्या हाताखाली मोठे खेळाडू झाले हे खरंच आहे. त्याच हातांखाली कितीजण खेळ सोडून गेले, त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही, हेही खरं आहे. पण आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यासाठी एक फरक करायला हवा: अपेक्षा आणि संशय यांतला. ‘आज दहा वेळा पन्नास मीटर, एकही कमी नाही,’ ही अपेक्षा झाली. ‘तू मुद्दाम हळू पोहतेस,’ हा संशय. अपेक्षा कितीही कडक असली तरी ती मुलाला आपल्या बाजूचं मानते. संशय त्याला समोरच्या बाजूला उभं करतो. पठारावरचं मूल मेहनतीने तेवढं मोडत नाही, जेवढं ते आपण आरोपी आहोत हे कळल्यावर मोडतं.

शिवाय ‘आणखी मेहनत’ हा सगळ्या पठारांवरचा उपाय नाही, कारण सगळी पठारं एका जातीची नसतात. रॉजर बॅनिस्टरचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५४च्या वसंतात तो चार मिनिटांच्या आत एक मैल धावण्याची तयारी करत होता. सरावात तो ४४० यार्डांचे दहा तुकडे पळायचा. प्रत्येक तुकडा ६१ सेकंदांवर येऊन अडला होता. तेव्हा तो सराव सोडून मित्र ख्रिस ब्रॅशरबरोबर काही दिवस स्कॉटलंडमध्ये डोंगर चढायला गेला. परत आल्यावर तेच तुकडे ५९ सेकंदांत पळता आले. ६ मे रोजी ऑक्सफर्डच्या ट्रॅकवर त्याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांची नोंद केली. तिथे पठाराचं नाव थकवा होतं.

दुसरी जात वेगळी. अमेरिकेतल्या ब्रायन आणि हार्टर या संशोधकांनी १८९७ आणि १८९९ साली तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास मांडला. कट्ट-कडकट्ट ऐकून संदेश उतरवणाऱ्याची गती वाढत जायची, मग कित्येक आठवडे जागची हलायची नाही, मग एकदम वाढायची. त्यांचं म्हणणं असं, की त्या सपाट काळात शिकणारा अक्षरं ऐकण्याकडून शब्द आणि वाक्यं ऐकण्याकडे जात असतो. बाहेर काही दिसत नाही, आत मांडामांड चाललेली असते. बॅडमिंटनमध्ये पकड बदलणाऱ्या किंवा जलतरणात श्वासाची लय बदलणाऱ्या मुलाला हे ओळखीचं वाटेल. अशा वेळी जुन्या सवयीने तात्पुरता आकडा सुधारायला लावणं म्हणजे चाललेली मांडामांड उधळणं. पण या दिलाशालाही मर्यादा आहे. फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली अशी पठारं अटळ असतात, या समजुतीलाच आव्हान दिलं. म्हणजे ‘थांब, आता उसळी येणारच’ असं वचन कोणालाही देता येत नाही.

आणि तिसरी जात, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही: काही पठारं पठार नसतात, माथा असतो. या शरीराला या खेळात इथपर्यंतच.

आतून बघणाऱ्या मुलाला आणि बाहेरून बघणाऱ्या आपल्याला यांतलं नेमकं कुठलं, हे बहुतेकदा लगेच कळत नाही. इथे मला आयरिस मर्डॉक आठवते. ‘द सॉव्हरिनटी ऑफ गुड’ या १९७०च्या पुस्तकात तिने एका सासूचं उदाहरण दिलं आहे. सुनेशी ही सासू वरकरणी अगदी नीट वागते, पण मनातून तिला ती उथळ, पोरकट, जरा गावंढळ वाटते. मग सासू स्वतःलाच विचारते, की माझ्या मनात काही अढी तर नाही? मी पुन्हा बघते. ती पुन्हा पुन्हा, नीट बघत राहते आणि हळूहळू तिला तीच सून पोरकट नव्हे, तर मोकळी, टवटवीत दिसू लागते. सून बदललेली नाही. सासूचं बाहेरचं वागणंही बदललेलं नाही. तरी नैतिकदृष्ट्या काहीतरी मोठं घडलंय, असं मर्डॉकचं म्हणणं.

थांबलेल्या मुलाला पहिली मदत ही अशी बघण्याचीच असते. ‘शेवटच्या पंचवीस मीटरला सोडून देते’ म्हणणारा बाप पुन्हा बघेल, तर कदाचित त्याला दिसेल की तिचे खांदे बुडताहेत. ‘भूक राहिली नाही’ म्हणणाऱ्या आईला कदाचित दिसेल की खरोखरचीच भूक राहिलेली नाही, ती ताटात अर्धी भाकरी सोडते आहे. असं बघायचं तर हातातलं स्टॉपवॉच थोडा वेळ खिशात ठेवावं लागतं. आकडा मोजणारा डोळा आणि मूल बघणारा डोळा एकाच वेळी उघडे ठेवणं फार थोड्यांना जमतं.

नीरज चोप्राने ३० जून २०२२ रोजी स्टॉकहोममध्ये ८९.९४ मीटर भाला फेकला. नव्वदीला सहा सेंटिमीटर कमी. त्यानंतर तो विश्वविजेता झाला, पॅरिसला ८९.४५ मीटर फेकून रौप्यपदक घेऊन आला. तरी जवळजवळ तीन वर्षं त्याला प्रश्न एकच होता, नव्वद कधी? १६ मे २०२५ रोजी दोह्यात भाला ९०.२३ मीटरवर पडला. आणि त्याच स्पर्धेत ज्यूलियन वेबरने ९१.०६ मीटर फेकून पहिला क्रमांक नेला. ज्या आकड्यासाठी देश थांबला होता, तो आला त्या दिवशी तो दुसरा होता. नीरजकडे या प्रश्नाला सामोरं जायला वय होतं, ऑलिम्पिक सुवर्ण होतं, जाणकार माणसं होती. आपल्या चौदा वर्षांच्या मुलीकडे आहे फक्त घर. घरातही ‘नव्वद कधी?’ हाच प्रश्न असेल, तर तिला जायला जागा नाही.

पुष्कळ घरांत हा प्रश्न हौसेचाही नसतो. दहावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांपासून सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणापर्यंत एक अख्खी शिडी त्या आकड्याला टेकलेली असते. बापाने कर्ज काढलेलं असतं, धाकट्याची शिकवणी बंद केलेली असते. तिथे ‘आकडा विसरा’ हा शहाजोगपणा ठरेल. पण तिथेच एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. कर्ज काढायचा निर्णय मोठ्यांचा होता. तो चुकीचा नसेलही; जगात गरीब माणसाला पुष्कळदा असेच जुगार खेळावे लागतात. पण डाव मोठ्यांनी मांडला असेल, तर हरण्याचा भार मुलाच्या खांद्यावर देता येत नाही. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं’ हे वाक्य बहुधा खरं असतं. पठारावर उभ्या असलेल्या मुलाला ते ऐकवणं तरीही अन्याय आहे.

मग सांगायचं काय? तीन गोष्टी सांगता येतील असं मला वाटतं. एक, ‘तू का थांबलीस हे आम्हालाही नक्की माहीत नाही; आपण मिळून शोधू.’ प्रशिक्षकाने हे म्हणण्याने त्याचा मान कमी होत नाही. मुलीच्या डोक्यावरचा आरोप तेवढा उतरतो. दोन, ‘हे कदाचित तात्पुरतं असेल, कदाचित नसेल.’ खोट्या वचनापेक्षा हे ऐकायला कठीण आहे, पण मुलं खोटं वचन ओळखतात आणि मग खऱ्या वचनांवरही विश्वास ठेवत नाहीत. आणि तीन, ‘पुढे जायचं, थोडं थांबायचं, की दुसरं काही करायचं, यात तुझं मत मोजलं जाईल.’ पोहणं तिचं आहे की आपलं, हे या तिसऱ्या वाक्यावर ठरतं.

यातून टायमिंग सुधारेल? कधी सुधारेल, कधी नाही. सुधारण्यासाठी म्हणून हे सगळं करायचं असेल, तर मूल तेही ओळखेल. नव्या रंगाचं जुनंच स्टॉपवॉच म्हणून. आकडा हलला नाही तरी हे तिला देणं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे. ती तिसाव्या वर्षी पोहत असेल किंवा नसेल. पण कुठल्यातरी दुसऱ्या कामात, दुसऱ्या पठारावर ती पुन्हा उभी असेलच. तेव्हा स्वतःशी कुठल्या आवाजात बोलायचं, हे ती आत्ता आपल्याकडून शिकते आहे.