मंगल आणि समाप्ती : आरंभाविषयीचा एक न्यायशास्त्रीय वाद

ग्रंथाच्या आरंभी इष्टदेवतेला केलेले वंदन म्हणजे मंगल. हे मंगल केल्याने हाती घेतलेले कार्य तडीस जाते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ श्रद्धेचा वाटतो. परंतु चौदाव्या शतकातील मिथिलेचे नैयायिक गंगेश उपाध्याय यांनी ‘तत्त्वचिंतामणी’ या ग्रंथाच्या प्रारंभीच त्याची सविस्तर चर्चा केली आणि पुढे ‘मंगलवाद’ या नावाने तो नव्यन्यायाच्या अभ्यासातील एक ठरलेला विषय होऊन बसला.

नैयायिकांच्या दृष्टीने हा प्रश्न मुळात कार्यकारणभावाचा आहे. कारण असूनही कार्य न घडणे याला अन्वयव्यभिचार आणि कारण नसतानाही कार्य घडणे याला व्यतिरेकव्यभिचार म्हणतात, आणि यांपैकी एकही दोष सिद्ध झाला तर कारण म्हणून केलेला दावा टिकत नाही. मंगलाच्या बाबतीत आक्षेपक हे दोन्ही दोष दाखवतात : उदयनाचार्यांची ‘किरणावली’ मंगल असूनही अपुरी राहिली, तर ईश्वर न मानणाऱ्यांचे ग्रंथ मंगलावाचूनही पुरे झाले. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वरील ‘दीपिका’ या टीकेच्या प्रचलित पाठात मंगलाविना पूर्ण झालेला ग्रंथ म्हणून ‘कादंबरी’चे नाव येते, ते मात्र विचित्र आहे, कारण बाणभट्टाच्या त्या कृतीला आरंभी मंगलश्लोक आहेत आणि ती पुरी करावी लागली त्याच्या मुलाला, म्हणजे हे उदाहरण खरे तर नेमके उलट्या बाजूचे ठरते.

प्राचीन नैयायिकांचे उत्तर असे, की मंगलाचे फळ समाप्तीच होय आणि विघ्नांचा नाश हे तिचे द्वार, म्हणजे मधली पायरी होय. ग्रंथ अपुरा राहिला तर विघ्ने फार किंवा अधिक बलवान होती असे समजावे, आणि मंगल दिसत नसताना ग्रंथ पुरा झाला तर कर्त्याने ते ग्रंथाबाहेर किंवा पूर्वजन्मी केले असावे असे मानावे. या उत्तराने सिद्धांत वाचतो खरा, पण कोणत्याही विपरीत उदाहरणाची अशी सोय लावता येत असेल तर त्या सिद्धांताची परीक्षा घेण्यास वावच उरत नाही.

नव्य नैयायिकांनी दावाच आटोपशीर केला. परंपरेने विश्वनाथ पंचाननांच्या नावे असलेल्या ‘सिद्धांतमुक्तावली’त त्यांचे मत असे नोंदवले आहे, की मंगलाचे फळ विघ्ननाश एवढेच, समाप्ती होते ती बुद्धी, प्रतिभा इत्यादी कारणांच्या समुदायामुळे. मग ज्याच्या वाटेत मुळात विघ्नच नव्हते त्याचे मंगल वाया गेले काय, या शंकेवर ते सरळ होकार देतात, कारण मंगल केले जाते ते विघ्नाच्या शंकेने. पाप घडल्याच्या शंकेने प्रायश्चित्त घेणाऱ्याच्या हातून पाप घडलेच नसेल, तर त्याचे प्रायश्चित्तही असेच निष्फळ ठरते, पण म्हणून त्याचे विधान करणारे शास्त्र खोटे ठरत नाही.

मराठीत या प्रश्नाची शास्त्रोक्त चर्चा क्वचितच झाली, पण आचार दृढ राहिला. पोथी गणेशवंदनाने सुरू होते आणि कोणत्याही कामाचा ‘श्रीगणेशा’ केला जातो. शके 1212 मधील ‘ज्ञानेश्वरी’च्या आरंभीच्या गणेशवर्णनात तर सहा दर्शने हे गणेशाचे सहा हात असून तर्क हा त्याच्या हातातील परशू आहे, म्हणजे ज्या देवतेपाशी विघ्नहरण मागायचे तिच्याच हाती ज्ञानदेवांनी तर्काचे शस्त्र दिले आहे.

दोन पक्षांत नव्यांचा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो, कारण त्यात वंदनाचा आचारही राहतो आणि ग्रंथ पुरा करण्याचे श्रेय व दायित्व कर्त्याच्या बुद्धीकडेच राहते. मंगल सोडून द्यावे असे मात्र या दोहोंपैकी कोणीही म्हटले नाही. गंगेशांनीही आधी मंगलश्लोक लिहिला आणि मगच मंगलाच्या फळाविषयीचा वाद मांडला.