आडनावाचं भाडं

जून महिन्यात लातूरच्या उद्योग भवन भागात एकदा चक्कर मारा. दहावीचा निकाल लागलेला असतो. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडचे बाप पोराला घेऊन एसटीतून उतरतात. पोराला डॉक्टर करायचं असतं. क्लासची फी भरली की खोली हुडकायची. खोली तरी कसली, खोलीतली कॉट! एका खोलीत तीन-चार कॉट आणि दर कॉटचं भाडं वेगळं. वर डिपॉझिट. मेस वेगळी. २०१६ साली या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात टँकर आला की त्याचे पैसेही भाडेकरूच्याच माथी. क्लास जितका जवळ, तितकं भाडं चढं. गिऱ्हाईक वाढलं की भाव वाढतो, हे कुणीही सांगेल.

पण एक भाडं पाटीवर लिहिलेलं नसतं.

मागं पुतण्याला घेऊन मी या गल्ल्या तुडवल्या. एका घरी बाई म्हणाल्या, "खोली आहे की. वर जाऊन बघून या." बघून आलो. भाडं कबूल केलं. मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. "मालकांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय वाटतं. विचारून सांगते." आठ दिवसांनी गेलो तरी 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी जागच्या जागी. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी मी तोंड उघडायच्या आत पोरगंच म्हणालं, "पाटील." खोली मिळाली.

रस्त्यावर आल्यावर मी त्याला झापलं, "खोटं का बोललास?" तो म्हणाला, "काका, मी खोली मागितली. त्यांनी जात मागितली. आधी कोण चुकलं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देतो.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशात शिकून आलेला माणूस, पण गावात राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांना राहावं लागलं. भाडं रोज दीड रुपया. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन पारशी दारात उभे राहिले. त्यांनी हे लपवलं नाही. स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. आपल्यातला कोण त्यांना खोटारडा म्हणेल? ज्याला जात विचारायचा हक्कच नाही, त्याला खरं सांगायचं बंधन कुठून येतं? तेव्हा पोरगं गुन्हेगार नाही.

पण मित्रांनो, एवढं म्हणून सुटत नाही. पुढं काय झालं ते ऐका. मालकानं आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. पोरगं "गावाकडनं आणतो" म्हणत तीन महिने टोलवत राहिलं. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांच्या खाली. घरून फोन आला की 'जयभीम'ऐवजी 'हॅलो'. आजी भेटायला येते म्हणाली, तर "नको येऊ". हे दुसरं भाडं. पहिलं महिन्याला एकदा, हे रोज. दिवाळीनंतर पोरानं आपणहून खोली सोडली. आता नात्यातल्या एकाच्या घरी बौद्ध वस्तीत राहतं, क्लासला सायकल मारत जातं.

आणि मालक? तो आजही छातीठोक सांगत असेल, "आमच्याकडं तसले कुणी राहत नाहीत." आपण लपून राहिलो की त्याचं खोटं खरं ठरतं. लपणाऱ्याला खोली मिळते, पण त्याच्या मागून येणाऱ्याला दार बंदच.

हे एकट्या लातूरचं नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांची दिल्ली परिसरातली पाहणी २०१५ साली छापून आली. दलित-मुसलमानांना घरं नाकारली जातात, आणि मिळालीच तर जाचक अटींवर, असं तीत दिसलं. कायदा काय करतो? महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी आणि नोंदलेला हवा असं मालकावर बंधन घातलं. घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांची नावं आहेत. भाड्याच्या खोलीचं नाव तिथं नाही.

मग सोळा वर्षांच्या पोरानं एकट्यानं लढावं का? त्याच्यावर हे ओझं टाकणं मला अनीतीचं वाटतं. ओझं आपलं, मोठ्यांचं. आपल्यातले मास्तर झाले, क्लार्क झाले, बँकेचं कर्ज काढून त्यांनी मजले चढवले. त्यांच्या पाट्या वाचल्यात का? तिथंही जूनमध्ये भाडं वाढतं. मातंगाचं पोर आलं, मुसलमानाचं आलं की तिथंही "विचारून सांगतो" ऐकू येतं. मग त्या बाईंना आपण कोणत्या तोंडानं बोलायचं?

म्हणून येत्या जूनमध्ये दोन कामं करू. पोर खोली हुडकायला निघालं की आपण चौघं त्याच्यासोबत जाऊ. खरं आडनाव सांगू आणि नकार मिळाला तर कारण तोंडावर विचारू. आणि आपल्यात ज्यांची खोली रिकामी आहे त्यांनी ती आडनाव न विचारता द्यावी, करार लिहून, जूनचा भाव न चढवता.

पोराला एवढंच सांगतो : तू खोटं बोललास, त्याची लाज तुला नको. ती आम्हाला वाटू दे.

जयभीम.