कुणाच्या हातचे?

समतेविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु माणूस माणसाला कोठे ठेवतो, हे व्याख्यानात नव्हे, तर पाण्याच्या पेल्यापाशी कळते. पुणे शहराच्या इतिहासात याची दोन बोलकी उदाहरणे आहेत.

१८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला. हे दान नव्हते. ज्या हौदाचे पाणी आपण पितो, त्यातच दुसऱ्याची घागर बुडू देणे होते. पुढे १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक होते. ही वार्ता नावांनिशी छापून आली आणि शहरात गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला दिला. ख्रिस्ती माणसाच्या घरचा एक कप चहा एवढा महाग पडला!

आज त्या गोष्टीचे आपल्याला हसू येते. पण ते हसू थोडे घाईचे आहे, असे आम्हांस वाटते. २०१७ साली याच पुण्यात एका उच्चविद्याविभूषित बाईंनी, स्वयंपाकास येणाऱ्या स्त्रीने आपली जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार केली. निषेध झाल्यावर ती मागे घेतली गेली. तक्रार मागे घेता येते. मनातला सोवळ्याचा पाट मात्र तसाच मांडलेला राहतो.

तो पाट आपल्याही घरांत नाही काय? भांडी घासणाऱ्या बाईंना आपण 'मावशी' म्हणतो. शब्द नात्याचा, पण त्यांचा कप खिडकीत वेगळा. साठीच्या मावशींना घरातले दहा वर्षांचे मूल 'अगं' म्हणून हाक मारते आणि कुणाला वावगे वाटत नाही. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, संघटना उभारली. पगार आणि सुटी मागता येते, मिळवताही येते. पण कपाचा न्याय कोणत्या दारी मागावा?

यावर कुणी म्हणेल, आम्ही सणाला साडी देतो, मुलांच्या फीला हातभार लावतो. ते चांगलेच आहे. परंतु देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. देण्याने अंतर मिटतेच असे नाही, कित्येकदा ते पक्के होते. त्याच मावशींच्या मुलीच्या लग्नास आपण जातो, पाकीट हाती ठेवतो आणि 'जरा घाई आहे' म्हणून न जेवता परततो. तेथे खरी परीक्षा होते. समतेची कसोटी आपण काय देतो ही नसून, कुणाच्या हातचे घेतो ही आहे.

प्रभू येशू शोमरोनी स्त्रीला विहिरीवर भेटला, तेव्हा त्याने आधी तिला काही दिले नाही. तिच्याकडे पाणी मागितले. यहुदी माणसाने शोमरोन्याच्या हातचे पिऊ नये, ही त्या काळची रीत. जिवंत पाण्याचे बोलणे नंतर आले. आधी त्याने स्वतःला तिचा याचक केले, आणि तेवढ्यानेच तिची मान वर झाली.

पुढच्या लग्नाला आपण पंगतीत बसू या. मावशींच्या घरच्यांनी वाढलेले, पोटभर जेवू या.