दामाजी आणि दिवाण

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेस खुली केली, अशी कथा आहे. ती आठवली की आम्हांस मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे स्मरण होते. पुण्यात शिकून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नावाजलेले, खडकवासल्यास स्वयंचलित दारे बसविणारे हे स्थापत्यविशारद १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले. पाणी किती अडेल, हे गणित सांगते. ते कोणास द्यावे, हे सांगत नाही. मागासलेल्या वर्गांस नोकऱ्यांत राखीव जागा देण्यावरून महाराजांशी मतभेद होऊन १९१८ मध्ये त्यांनी पद सोडले. गुणवत्तेचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता, हे आम्ही मानतो. परंतु गुण दाखविण्याची संधीच ज्यांस लाभली नाही, त्यांचे काय? कोठार भरणे हे शास्त्र होय. ते कोणासाठी उघडावे, हा धर्माचा प्रश्न होय.