पोत्याचं तोंड

दौलताबादची पायवाट चढताना आबा 1296 ची गोष्ट सांगत होते. अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, रामदेवराय गडावर अडकला. कोठारात पोत्यांची थप्पी, म्हणून सगळे निर्धास्त. पोती फोडली तर आत धान्याऐवजी मीठ! निदान सांगतात तरी असं.

"आधी एकानेही पोत्याचं तोंड उघडून पाहिलं नाही?" मुक्ता खो खो हसली. आठवीत आहे, असला वेंधळेपणा तिला खपत नाही.

मेंढा तोफेशी पोचले. तोफेचं खरं नाव 'किला शिकन', म्हणजे किल्ले फोडणारी. पोरं तिला रेलून फोटो काढत होती.

"हिच्यात दारू ठासायचे," आबा म्हणाले. मुक्ता फिसकन हसली. "अगं, फारसीत दारू म्हणजे औषध. आपण दवादारू म्हणतो ना? चिनी माणूस तर तोफेच्या दारूला अग्नीचं औषधच म्हणतो."

एवढं बोलून ते मटकन खाली बसले. एक हात छातीवर, दुसरा खिशात. खिसा रिकामा.

मुक्ताचा चेहरा उतरला. "आबा, ती बाटली मी गाडीत ठेवली. वर नायट्रोग्लिसरीन लिहिलं होतं. मोबाइलवर पाहिलं, त्याचा स्फोट होतो. तुम्ही ती खिशात घेऊन उन्हात..."

"पळ."

ती धावत खाली गेली आणि धापा टाकत आली. गाडी झाडाखाली होती म्हणून बरं. तापल्या की या गोळ्यांचा गुण उडतो.

गोळी जिभेखाली विरघळली. पाचेक मिनिटांत छातीवरचा हात खाली आला. आबा रागावले नाहीत. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेलं, दम परतताच धडाही परतला. 1847 मध्ये इटलीच्या सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन हे तेल बनवलं. जरा धक्का लागला की उडायचं. नोबेलने ते मातीत मुरवून 1867 मध्ये डायनामाइट केलं, मग डोंगर फुटले, बोगदे निघाले. 1896 मध्ये त्याच नोबेलच्या हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी हेच लिहून दिलं. नाव मात्र ट्रायनायट्रिन, औषधवाला आणि लोक दचकू नयेत म्हणून.

"गोळीत असतं किती?"

"अर्धा मिलिग्रॅम. बाकी सगळी भर. रक्तवाहिन्या सैल होतात, एवढंच."

मुक्ताने झाकण फिरवलं, आत डोकावून पाहिलं. मग झाकण घट्ट लावून बाटली आबांच्या खिशात ठेवली आणि वरचं बटणही लावलं.