कोऱ्या शस्त्राचा परिग्रह

जुन्या लष्करी आयुधांच्या संग्राहकांत असा एक पंथ आहे की जो खंदकातील झटापटीसाठी घडविलेल्या सुऱ्यांपैकी रणांगण पाहून आलेल्या सुरीपेक्षा, मेणकागदात गुंडाळलेली आणि मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून कधीच बाहेर न निघालेली सुरी अधिक मोलाची मानतो. बोटे अडकवून ठोसा हाणता यावा अशा पितळी मुठीची अमेरिकन सुरी १९१८ साली मंजूर झाली, परंतु ती फौजेच्या हाती पुरेशी पडण्यापूर्वीच युद्धविराम झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई भासू लागल्यावर १९४३ मध्ये चामड्याच्या चकत्यांची मूठ आणि पावणेसात इंचांचे पाते असलेली ‘एम ३’ आली, आणि दीड वर्षाच्या आत तिचे २५ लाखांहून अधिक नग तयार झाले. खोका ही तर उघडताच फेकून देण्याची चीज. म्हणूनच आज सुरीपेक्षा तोच दुर्मिळ.

या सुरीने कोणाचेही रक्त सांडलेले नाही, तेव्हा तिच्या संग्रहात दोष कोठला, असा संग्राहकाचा सवाल असतो. परंतु कोठारातील शिल्लक मालात पडून राहणे हा काही संयम नव्हे. अहिंसा हा संकल्पाचा धर्म आहे, पोलादाचा नव्हे, आणि म्हणून सुरीला ना पाप चिकटते ना पुण्य. प्रश्न उरतो तो बाळगणाराचा.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाचे विवरण करताना विषयांच्या ठायी अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा असे पाच दोष दाखविले आहेत. लिलावांचा पाठलाग, दमट हवेची धास्ती, खोक्याचा कोपरा दबल्याचे दुःख आणि त्या सर्वांमागची आसक्ती, हे पहिले चार आमचा संग्राहक हसत हसत कबूल करील. पाचवा मात्र साफ नाकारील. येथे जैन आचार्यांची सूक्ष्म दृष्टी आठवते. श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रताचा संयुक्ताधिकरण नावाचा एक अतिचार त्यांनी सांगितला आहे: हिंसेची साधने जोडून, वापरास सिद्ध अशी ठेवू नयेत. संग्राहकाचा तर सारा अट्टाहास जोडण्याचाच! पाते, म्यान आणि खोका ही सारी एकाच काळाची व अस्सल असल्याचा दाखला मिळाल्याखेरीज त्याला चैन पडत नाही.

तथापि हा आक्षेप अक्षरशः लागू पडला तरी न्यायाने तो पुरता लागू होत नाही, कारण येथील जुळणी वापरासाठी नसून कधीच वापर होऊ नये यासाठी आहे. मला खरा दोष दिसतो तो अन्यत्र. मुठीतील ती चार कडी कोणाच्या जबड्यासाठी बेतली होती याचा विसर पडल्यावाचून त्यांच्या ओतकामाची निर्वेध वाखाणणी करता येत नाही, आणि कोरा खोका हा विसर फार सुलभ करतो. ज्याच्या संग्रहातील मुठीवर एखाद्या शिपायाने आपली आद्याक्षरे कोरलेली असतात, त्याला निदान तो हात टाळता येत नाही. बाजारात त्याच्या जिनसेला मोबदला कमी मिळत असला, तरी या दोघांत मला तोच अधिक प्रामाणिक वाटतो.