जाताना ‘येतो’ म्हणणारी इंग्रजी

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. सुट्टीत गावी असलो की तिथल्या चार-पाच मुलांना मी इंग्रजी शिकवतो. पुस्तकातल्या लंडनला ती कंटाळली, म्हणून आयर्लंड काढलं. ‘शूल आ रून’ हे जुनं गाणं ऐकवलं. कडवी इंग्रजी, धृपद आयरिश. पुलंनी ‘ती फुलराणी’ ज्याच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलं तो शॉ डब्लिनचा, हेही सांगितलं. (आपण त्याला इंग्रजच समजतो.)

मग अडकलो. ‘आत्ताच जेवलो’ला आयरिश माणूस ‘आय ॲम आफ्टर ईटिंग’ म्हणतो. इंग्रजी राज्य आणि 1845चा दुष्काळ यांच्या रेट्यात बहुतेकांची आयरिश सुटली, पण तिची वाक्यरचना इंग्रजीत शिरून बसली. जॉन मिलिंग्टन सिंगच्या नाटकांत तर त्याच बोलीचं साहित्य झालं.

आणि आमच्यातला एक मुलगा निघताना म्हणतो, ‘दादा, आय ॲम कमिंग.’ ‘येतो’चं सरळ इंग्रजी! मला ते फार आवडतं. पण इंटरव्ह्यूत हसं होईल ते त्याचं. माझी नोकरी पक्की, मला ‘राहू दे तसंच’ म्हणायला काय जातंय? सुधारावं, तर त्यांनी वाकवली ती शैली आणि याने वाकवली ती चूक, असं होतं. त्यांचं अख्खं गाव तसं बोलायचं, हा एकटा. म्हणजे चूक की बोली हे डोकी मोजून ठरवायचं? पटत नाही, खोडताही येत नाही.

सध्या दोन्ही सांगतो: ऑफिसात ‘लीव्हिंग’, इथे ‘कमिंग’. त्यावर त्याने विचारलं, “आयर्लंडवाल्यांनाही दोन-दोन पाठ करावं लागतं का?”